युलिया तिमोशेंको

तिमोशेंको, युलिया व्होलोदिमिरिव्हना (२७ नोव्हेंबर १९६० – ). युक्रेनच्या दोन वेळच्या पंतप्रधान, ‘बात्किव्हश्चिना’ पक्षाच्या प्रमुख आणि २००४ च्या नारिंगी क्रांतीतील, म्हणजे निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्धच्या जनआंदोलनातील, अग्रणी नेत्या. १९९० च्या दशकात गॅसच्या व्यापारातून त्यांनी पैसा आणि वजन मिळवले, मंत्री झाल्यावर याच क्षेत्रातल्या दलालीवर घाव घातला आणि पंतप्रधान म्हणून केलेल्या गॅस करारापायी त्या तुरुंगात गेल्या. त्यांच्याविषयी युक्रेनमध्ये कधीच एकमत झाले नाही. मात्र त्यांची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर गॅसचा हिशेब बाजूला ठेवता येत नाही.

त्यांचा जन्म द्निप्रोपेत्रोव्स्क (आजचे द्निप्रो) येथे झाला. क्षेपणास्त्रांच्या कारखान्यामुळे सोव्हिएत काळात हे शहर परदेशी लोकांना बंद होते. वडील लहानपणीच घर सोडून गेले आणि आईने एकटीने मुलीला वाढवले. १९७९ मध्ये ओलेक्सांद्र तिमोशेंको यांच्याशी विवाह आणि पुढच्या वर्षी मुलीचा जन्म झाला. १९८४ मध्ये अर्थशास्त्राची पदवी घेऊन त्या शहरातल्याच एका यंत्रनिर्मिती कारखान्यात नोकरीला लागल्या. घरची भाषा रशियन. युक्रेनी भाषा त्यांनी राजकारणात आल्यावर आत्मसात केली आणि पुढे त्याच भाषेत सभा जिंकल्या. डोक्याभोवती गुंडाळलेली, खेड्यातल्या युक्रेनी स्त्रियांची आठवण करून देणारी वेणी हीदेखील नंतरचीच.

गोर्बाचेव्ह यांच्या काळात सहकारी उद्योगांना मुभा मिळाली, तेव्हा १९८८ मध्ये पती-पत्नींनी व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. सासरे प्रांताच्या चित्रपट वितरण विभागात अधिकारी होते, त्याचा उपयोग झाला. १९९१ मध्ये इंधनाचा व्यापार करणारी कंपनी निघाली आणि १९९५ मध्ये तिचेच ‘युनायटेड एनर्जी सिस्टिम्स ऑफ युक्रेन’ झाले.

या कंपनीची भरभराट कशी झाली हे पाहिले म्हणजे पुढचे सगळे वाद उलगडतात. स्वातंत्र्यानंतर युक्रेनमधल्या कारखान्यांकडे रोख पैसा उरला नव्हता, पण भट्ट्या पेटत्या ठेवायला रशियाचा गॅस हवाच होता. कारखाना गॅस घेई आणि बदल्यात पोलादी नळ, पत्रे, यंत्रे असा माल देई. मधली कंपनी तो माल रशियाला पाठवून गॅसची रक्कम फेडी. मालाला कोणता भाव लावायचा हे मधल्याच्या हातात असे, आणि नफा नेमका तिथेच होता. शिवाय कोणत्या प्रांतात कोणी गॅस विकायचा हे सरकार ठरवी. १९९६ मध्ये पंतप्रधान झालेले पाव्लो लाझारेंको हे द्निप्रोपेत्रोव्स्कचेच. त्यांच्या कारकीर्दीत या कंपनीच्या वाट्याला देशातल्या उद्योगांचा मोठा हिस्सा आला. लोक तिमोशेंको यांना ‘गॅसची राजकन्या’ म्हणू लागले ते तेव्हापासून. लाझारेंको पुढे अमेरिकेला पळाले आणि तिथल्या न्यायालयाने २००४ मध्ये त्यांना खंडणी व काळा पैसा पांढरा करण्याच्या गुन्ह्यांत दोषी ठरवले. तिमोशेंको यांच्यावर त्या खटल्यात आरोप ठेवला गेला नाही, पण लाझारेंको हे नाव त्यांना आयुष्यभर चिकटले.

१९९६ च्या अखेरीस किरोव्होह्राद प्रांतातल्या बोब्रिनेत्स मतदारसंघातून नव्वद टक्क्यांहून अधिक मते घेऊन त्या वेरखोव्ना राडात, म्हणजे संसदेत, निवडून आल्या. सुरुवातीला त्या लाझारेंको यांच्या ‘ह्रोमादा’ पक्षात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी वेगळी वाट धरून ‘बात्किव्हश्चिना’ स्थापन केला. त्याच वर्षाच्या शेवटी पंतप्रधान विक्तर युश्चेन्को यांनी त्यांना इंधन व ऊर्जा खात्याच्या उपपंतप्रधान केले.

या पदावर त्या जेमतेम वर्षभर राहिल्या, पण त्यांच्या हातून झालेले सर्वांत भरीव काम माझ्या मते याच वर्षातले आहे. विजेची बिले मालाने किंवा कागदी हुंड्यांनी नव्हे तर रोखीनेच भरायची, असा नियम त्यांनी आणला आणि वसुलीचा पैसा थेट ठरलेल्या खात्यांत जमा करायला लावला. मधल्या मध्ये होणारी गळती थांबली, आणि सरकारकडे थकलेले पगार व पेन्शन द्यायला पैसा आला. ज्या व्यवहारावर त्या स्वतः मोठ्या झाल्या होत्या त्याच्या खाचाखोचा त्यांना पाठ होत्या, म्हणूनच हे इतक्या झपाट्याने जमले. ज्यांचे नुकसान झाले ते राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा यांच्या निकटचे उद्योगपती होते. ऑगस्ट २००० मध्ये तिमोशेंको यांच्या पतीला अटक झाली, जानेवारी २००१ मध्ये त्यांचे पद गेले आणि फेब्रुवारीत जुन्या गॅस व्यवहारांवरून त्यांनाच कीवच्या लुक्यानिव्स्का तुरुंगात टाकण्यात आले. सहा आठवड्यांनी न्यायालयाने सोडले, तेव्हा त्या कुचमाविरोधी आंदोलनाच्या आघाडीवर आल्या होत्या.

२००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिमोशेंको युश्चेन्को यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. २१ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत उघड घोटाळा झाला आणि तेव्हाचे पंतप्रधान विक्तर यानुकोविच विजयी झाल्याचे सांगण्यात आले. कीवच्या स्वातंत्र्य चौकात लाखो लोक कडाक्याच्या थंडीत तळ ठोकून बसले. विषप्रयोगाने चेहरा विद्रूप झालेले युश्चेन्को व्यासपीठावर संथपणे बोलत. जमावाला चेतवण्याचे आणि थोपवण्याचे काम तिमोशेंको करत. सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबरला ती फेरी रद्द केली, २६ डिसेंबरच्या फेरमतदानात युश्चेन्को जिंकले, आणि ४ फेब्रुवारी २००५ रोजी राडाने ३७३ मतांनी तिमोशेंको यांच्या पंतप्रधानपदावर शिक्कामोर्तब केले.

सत्तेतली जोडी मात्र सात महिनेच टिकली. पेन्शन आणि बाळंतपणाचे अनुदान वाढले, पण पेट्रोलच्या किमतींवर बंधने घातल्याने टंचाई झाली. कुचमांच्या काळात विकलेले उद्योग परत घेण्यावरून मंत्रिमंडळातच फूट पडली. तरीही त्यातले एक प्रकरण नमूद करायलाच हवे. क्रिव्होरिझस्ताल हा अवाढव्य पोलाद कारखाना २००४ मध्ये कुचमांच्या जावयाच्या भागीदारीतल्या गटाला सुमारे ८० कोटी डॉलरना देण्यात आला होता. तो व्यवहार रद्द होऊन ऑक्टोबर २००५ मध्ये दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेल्या लिलावात मूळचे राजस्थानचे लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने त्यासाठी ४.८ अब्ज डॉलर मोजले. लिलावाच्या दिवशी तिमोशेंको पदावर नव्हत्या. युश्चेन्को यांचे निकटवर्ती आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे सचिव पेत्रो पोरोशेन्को यांच्याशी त्यांचा संघर्ष विकोपाला गेला होता आणि ८ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांनी दोघांनाही घरी पाठवले होते.

२००७ च्या मध्यावधी निवडणुकीत त्यांच्या आघाडीला सुमारे ३१ टक्के मते मिळाली आणि १८ डिसेंबरला त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या, तेही नेमक्या लागतील तेवढ्या २२६ मतांनी. आठवडाभर आधीचा प्रयत्न एका मताने हुकला होता. सोव्हिएत बँकेत बुडालेल्या ठेवींपोटी त्यांनी ठेवीदारांना प्रत्येकी हजार ह्रिव्न्या (युक्रेनचे चलन) द्यायला सुरुवात केली. लोक खूश झाले, महागाई वाढली.

१ जानेवारी २००९ रोजी रशियाने थकबाकी व दरावरून युक्रेनचा गॅस तोडला आणि ७ तारखेला युरोपकडे जाणारा पुरवठाही थांबला. त्या काळी युरोपला जाणाऱ्या रशियन गॅसपैकी सुमारे ८० टक्के युक्रेनमधून जात असे. बल्गेरिया आणि स्लोव्हाकियात भर हिवाळ्यात कारखाने बंद पडले. तिमोशेंको मॉस्कोला गेल्या, व्लादिमीर पुतिन यांच्याशी बोलणी केली आणि १९ जानेवारीला दहा वर्षांचा करार झाला. दर तेलाच्या किमतीशी जोडलेला, मूळ आकडा हजार घनमीटरला ४५० डॉलर. आदल्या वर्षी युक्रेन १७९.५ डॉलर देत होता. शिवाय ठरलेल्या गॅसपैकी बहुतांश घेतला नाही तरी पैसे भरण्याची अट. करार महागडा होता यात शंका नाही. पण याच कराराने ‘रोसउक्रएनर्गो’ ही युक्रेनी उद्योगपती दिमित्रो फिर्ताश यांची भागीदारी असलेली दलाल कंपनीही व्यवहारातून बाहेर पडली, आणि फिर्ताश यांची ऊठबस यानुकोविच यांच्या गोटात होती.

७ फेब्रुवारी २०१० च्या निर्णायक फेरीत यानुकोविच यांना ४८.९५ आणि तिमोशेंको यांना ४५.४७ टक्के मते मिळाली. नव्या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिलमध्ये गॅसवर सूट मिळवली, ती सेवास्तोपोलमधला रशियन नौदलाचा तळ २०४२ पर्यंत चालू ठेवण्याच्या बदल्यात. तिमोशेंको यांच्यावर मात्र मंत्रिमंडळाची मंजुरी न घेता करारासाठी निर्देश दिल्याचा, म्हणजे अधिकाराच्या गैरवापराचा, खटला भरला गेला.

कीवच्या पेचेर्स्क जिल्हा न्यायालयात जून २०११ मध्ये सुनावणी सुरू झाली. न्यायाधीश रोदिओन किरेयेव्ह हे वयाने तरुण आणि बाहेरगावच्या न्यायालयातून तात्पुरते आणलेले. तिमोशेंको त्यांच्यासमोर उठून उभ्या राहायला तयार नव्हत्या, साक्षीदारांना टोमणे मारत आणि बसल्या जागेवरून ट्विट करत. ५ ऑगस्टला या वागण्यावरून त्यांना कोठडीत धाडण्यात आले. ११ ऑक्टोबरला सात वर्षांची कैद आणि सुमारे दीड अब्ज ह्रिव्न्या भरपाई असा निकाल आला. करार ज्यांच्याशी झाला त्या पुतिन यांनीही ही शिक्षा कशासाठी ते कळत नसल्याचे म्हटले. करारातून तिमोशेंको यांनी स्वतः पैसे खाल्ले असे या खटल्यात म्हटलेलेच नव्हते. चुकीच्या वाटणाऱ्या राजकीय निर्णयाची शिक्षा मतपेटीत मिळते, आणि ती त्यांना वर्षभर आधीच मिळाली होती. तुरुंग हा सूड होता.

खार्कीवच्या काचानिव्स्का तुरुंगात पाठीच्या दुखण्याने त्या अंथरुणाला खिळल्या. बर्लिनच्या शारिते रुग्णालयाचे डॉक्टर तपासायला आले. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी उपोषण केले, आणि युरोपमधल्या अनेक नेत्यांनी युक्रेनमधल्या युरो फुटबॉल सामन्यांकडे पाठ फिरवली. ३० एप्रिल २०१३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला, की खटल्याआधीची ही कोठडी मनमानी होती आणि न्यायालयाचा अनादर केल्याबद्दल धडा शिकवणे हाच तिचा मुख्य हेतू होता.

१९९० च्या दशकाचे प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिले. त्यांच्या जुन्या गॅस कंपनीने रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचे बुडवल्याचे सांगितले जाणारे सुमारे ४० कोटी डॉलर, १९९६ मध्ये दोनेत्स्क विमानतळावर झालेला खासदार येव्हेन श्चेर्बान यांचा खून, अशी प्रकरणे सरकारने तुरुंगातल्या तिमोशेंको यांच्यावर लादली. त्या सारे आरोप फेटाळत आल्या आहेत. यंत्रणा इतकी उघड पक्षपाती होती, की त्या आरोपांत तथ्य होते की नव्हते याचा प्रामाणिक निवाडा होण्याची शक्यताच संपली. सूडाच्या खटल्यांनी केलेले हे खरे नुकसान, आणि ते तिमोशेंको यांच्यापेक्षा युक्रेनच्या जनतेचे अधिक झाले.

२१ नोव्हेंबर २०१३ रोजी त्यांना उपचारांसाठी परदेशी जाऊ देणारी सर्व विधेयके राडात पडली आणि त्याच दिवशी सरकारने युरोपीय संघाशी होणारा करार स्थगित केला. त्या रात्रीपासून चौकात पुन्हा लोक जमू लागले. २२ फेब्रुवारी २०१४ ला यानुकोविच पळाल्यावर तिमोशेंको सुटल्या आणि संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतून व्यासपीठावर आल्या. त्या रडल्या. समोर शंभराच्या आसपास आंदोलकांच्या मृत्यूचे दुःख ताजे होते आणि जुन्या नेत्यांपैकी कोणीच नको असलेली तरुण मंडळी बरीच होती. मे महिन्यातल्या निवडणुकीत पोरोशेन्को पहिल्याच फेरीत जिंकले. तिमोशेंको यांना जेमतेम १३ टक्के मते पडली. ज्या करारापायी त्या तुरुंगात गेल्या, त्यातली सक्तीच्या खरेदीची अट स्टॉकहोमच्या लवादाने डिसेंबर २०१७ मध्ये कमालीची सौम्य केली, आणि पुढच्या फेब्रुवारीत, युरोपकडे जाणाऱ्या गॅसच्या वाहतूक करारावरील निवाडाही जमेस धरून, रशियाची सरकारी गॅस कंपनी गाझप्रॉम युक्रेनला २.५६ अब्ज डॉलर देणे लागली.

२०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी ३९ उमेदवार होते. त्यांत युरी व्होलोदिमिरोविच तिमोशेंको हे एक खासदारही होते. आडनाव तेच, आद्याक्षरे तीच, मतपत्रिकेवर नावे लागोपाठ. मतदारांना फसवण्याचा हा डाव असल्याचा आरोप युलिया तिमोशेंको यांनी केला. १३.४ टक्के मते घेऊन त्या व्होलोदिमिर झेलेन्स्की आणि पोरोशेन्को यांच्या मागे तिसऱ्या राहिल्या.

त्यानंतर त्यांनी शेतजमिनीची विक्री खुली करण्याला कडाडून विरोध केला. २०२२ मध्ये रशियाने पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केल्यावर विरोधी पक्षात राहूनही देशाच्या बचावाला पाठिंबा दिला. जुलै २०२५ मध्ये भ्रष्टाचारविरोधी संस्थांची स्वायत्तता कमी करणाऱ्या कायद्याच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. या संस्था परदेशी प्रभावाखाली चालतात अशी त्यांची भूमिका होती. कीवसह अनेक शहरांत युद्धकाळातही तरुण रस्त्यावर उतरले आणि दहा दिवसांच्या आत राडाला तो कायदा फिरवावा लागला.