दिवाळीत कुत्र्याला आमच्याकडे ठेवणार असाल, तर आधी हे वाचा

दसरा झाला की आमचा फोन मुख्यतः दोन प्रश्नांसाठी वाजतो. "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एका रात्रीपुरतं ठेवाल का?" आणि "याला झोपेचं काही देता का?" दोन्हीला आम्ही नाही म्हणतो आणि काही मंडळी रागावतात. म्हणून कारणं लिहूनच देतो.

दिवाळीच्या मुक्कामासाठी आम्ही वसुबारसेच्या संध्याकाळपर्यंतच कुत्री घेतो. नवीन जागेत कुत्रा आधी सगळं हुंगून घेतो. पाणी कुठे आहे, झोपायचं कुठे, पावलं कुणाची, हे त्याला कळायला दोन-तीन दिवस लागतात. तुम्ही त्याला पाचला सोडून गेलात आणि सातला पहिली लड लागली, तर आवाज आणि ही जागा त्याच्या डोक्यात कायमची जोडली जाते. मग तो फाटकाशी बसतो, धापा टाकतो, लाळ गळते, चिकनच्या पाण्यालाही तोंड लावत नाही. आमचा एक माणूस रात्रभर त्याच्यापाशी अडकतो आणि बाकीच्यांचं वेळापत्रक कोलमडतं. पुढच्या वेळी तोच कुत्रा फाटकात चारही पाय रोवतो आणि आम्हाला विचारलं जातं, "तुम्ही याला काय केलंत?" धनत्रयोदशीही उशिराचीच, कारण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाबरोबर पहाटेच फटाके सुरू होतात.

लसीचंही तेच. केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांमध्ये एकमेकांकडून पसरणाऱ्या खोकल्याची, लस सकाळी देऊन संध्याकाळी आणलेलं कार्ड चालत नाही, कारण लस दिल्या दिवशीच संरक्षण मिळत नाही. रेबीजच्या लसीची नोंदही लागतेच.

गोळी आम्ही आमच्या मनाने देत नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तर वेळेवर देऊ. काही गुंगीच्या औषधांनी अंग ढिलं पडतं, पण कान आणि भीती जागीच राहतात. कुत्रा गप्प दिसतो म्हणून मालक निश्चिंत होतात, एवढंच. डॉक्टरांशी निदान दोन आठवडे आधी बोला, आणि त्यांनी दिलेला डोस एखाद्या शांत दिवशी घरी देऊन बघा. घरातल्या माणसांच्या गोळ्या तर अजिबात नकोत.

खरं सांगायचं तर बऱ्याच कुत्र्यांना घरीच बरं वाटतं. गणपती विसर्जनाच्या ढोल-ताशाला तुमचा कुत्रा पलंगाखाली जाऊन थोड्या वेळाने स्वतःहून बाहेर आला असेल, तर त्याला घरीच ठेवा. "आमच्या सोसायटीत नियमातलेच फटाके वाजवतात" यावर मात्र विसंबू नका. नियमात बसणारा फटाकाही चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत वाजू शकतो. आतली खोली निवडा, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा मोठा, टीव्ही चालू. फिरवून आणायचं ते उजेड असेतो. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. जवळ आला तर कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही.

जास्त लक्ष दाराकडे द्या. लक्ष्मीपूजनाला आपण दार उघडं ठेवतो, पाहुणे येत-जात असतात, आणि आरती संपते न संपते तोच खाली माळ लागते. कुत्रा पळतो तो नेमका याच वेळी. पूजा होईपर्यंत त्याला आतल्या खोलीत ठेवा, कडी लावा. बाहेर नेताना गळ्यातल्या पट्ट्यावर भागवू नका. घाबरलेला कुत्रा मागे सरकतो आणि पट्टा डोक्यावरून निघतो. छातीला बसणारा हार्नेस घाला, खाली दोन बोटं जातील इतका घट्ट, आणि त्यावर तुमचा फोन नंबर असू द्या. आमच्याकडे मापाचे हार्नेस आहेत, कुत्र्याला सोबत आणा म्हणजे घालून बघता येईल.

चिवड्यातले बेदाणे वेचून टाकले तरी चिवडा देऊ नका. बेदाण्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. डबा उंचावर ठेवा.

आमची जागा गावाबाहेर आहे, पण फटाके ऐकूच येत नाहीत असं आम्ही म्हणत नाही. लांबून येतात, आणि रात्री आमचं कुणीतरी जागं असतं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी नवरात्रात एक रात्र ठेवून बघा. त्याचे पैसे दिवाळीच्या बिलातून वजा होतात. जागा मोजक्याच आहेत आणि जुन्या ग्राहकांना आधी मिळतात. येताना लसीचं कार्ड, नेहमीचं खाणं आणि त्याची चादर आणा. चादर धुऊ नका.