निवारा आणि फॉस्टर घर : दोन्हीकडे छप्पर असतं, पण काम एक नाही

समजा, सोळा वर्षांची एक मुलगी रात्री अकरा वाजता अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली. घरात मारहाण आहे, किंवा त्याहून वाईट काही. या घटकेला तिला काय हवं? आतून कडी लावता येईल अशी खोली, पोटाला काहीतरी, आणि प्रश्नांचा भडिमार न करणारं एखादं मोठं माणूस. हे पुरवतो तो निवारा, बोलण्यातला शेल्टर. याच मुलीला सहा महिन्यांनी काय लागेल? संध्याकाळी यायला उशीर झाला तर ‘कुठे होतीस इतका वेळ?’ असं विचारणारं कोणी. हे शेल्टरला जमत नाही. ते जमतं फॉस्टर कुटुंबाला, ज्याला कागदोपत्री मराठीत प्रतिपालक कुटुंब म्हणतात.

चर्चेत मात्र दोन्ही गोष्टी ‘मुलांची सोय झाली’ या एकाच वाक्यात कोंबल्या जातात. मग शेल्टरला घरपण नाही म्हणून नावं ठेवायची आणि फॉस्टर कुटुंबाकडे मूल लगेच रुळलं नाही म्हणून कपाळाला आठ्या घालायच्या. दोन्ही तक्रारी चुकीच्या खिडकीवर केलेल्या असतात.

आधी शेल्टरचं पाहू. चांगल्या शेल्टरची पहिली खूण म्हणजे आत शिरायला फारसं काही लागत नाही. ओळखपत्र नाही, चालेल. सगळी हकीकत आज सांगायची नाही, तेही चालेल. आधी झोप. मग दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू होतं: वैद्यकीय तपासणी, घरच्यांशी बोलणं शक्य आणि सुरक्षित आहे का याचा अंदाज, शाळेशी संपर्क, आणि कागदपत्रं. कागदपत्रांचं महत्त्व बाहेरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. जन्मदाखला आणि शाळेचा दाखला मागे राहिला की पुढची दारं एकामागून एक बंद होत जातात, आणि पळून आलेलं मूल ते आणायला परत त्या घरी जाऊ शकत नाही. शेल्टरमधल्या कार्यकर्त्याचा निम्मा वेळ अशा पाठपुराव्यात जातो.

दुसरी खूण म्हणजे मुदत. अमेरिकेत पळालेल्या आणि बेघर मुलांसाठी 1974 मध्ये कायदा झाला. त्याखाली चालणाऱ्या तातडीच्या निवाऱ्यांत अठराच्या आतल्या मुलांना साधारण 21 दिवसांपर्यंत ठेवतात. पहिल्यांदा ऐकताना हा आकडा कंजूष वाटतो. पण मुदत असली की यंत्रणेला हलावं लागतं: समेट होऊन घरी परत, नातेवाइकांकडे, फॉस्टर कुटुंबात, की आणखी कुठे, हे ठरवावंच लागतं. ज्यांना कुठेच जाता येत नाही अशा 16 ते 21 वयाच्या मुलामुलींसाठी त्याच कायद्यात दीड वर्षापर्यंतची वेगळी सोय आहे. तिथे भाडं, स्वयंपाक, नोकरी, बँकेचं खातं अशा गोष्टी हाताशी धरून शिकवतात. ती सोय म्हणजे शेल्टर आणि स्वतःची खोली यांच्यामधली पायरी.

शेल्टरमध्ये माणसं पाळीने येतात, आणि त्याची मर्यादा तिथेच सुरू होते. सकाळची ताई वेगळी, रात्रीचा दादा वेगळा. ती माणसं कितीही मायाळू असली तरी आपली आठवण ठेवणारं एकच माणूस तिथे मिळणं अवघड.

फॉस्टर कुटुंबात ते मिळू शकतं. इथे मूल एका साध्या घरात राहतं. त्या कुटुंबाची आधी चौकशी होते, प्रशिक्षण होतं, खर्चासाठी भत्ता मिळतो, आणि सामाजिक कार्यकर्ता अधूनमधून येऊन पाहत असतो. भत्त्याचं नाव निघालं की ‘म्हणजे पैशासाठी करतात तर’ अशी कुजबुज हमखास होते. मुलाचा खर्च कुटुंबाच्या खिशातून निघावा असा आग्रह धरला तर फक्त श्रीमंतांनाच हे काम करता येईल, इतकं तरी कुजबुजणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आणि हे दत्तक घेणं नव्हे. दत्तकात नातं कायद्याने कायमचं बदलतं. फॉस्टरमध्ये मूल जन्मदात्यांचंच राहतं, महत्त्वाचे निर्णय त्यांच्याकडे किंवा शासनाकडे असतात, आणि बहुतेक वेळा पहिला प्रयत्न असतो ते मूल सुखरूप आपल्या घरी परत जावं हाच. म्हणजे जीव लावायचा, आणि सोडायची तयारीही ठेवायची. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत अवघड काम हेच आहे.

घरात आल्यावर मूल पहिल्या दिवशी कृतज्ञतेने हसेल अशी कोणी अपेक्षा करत असेल, तर ती सोडून द्यावी. उपाशी राहिलेलं मूल भरल्या घरातही उशीखाली खाणं लपवून ठेवतं. मार खाल्लेलं मूल मुद्दाम वस्तू फोडतं, कारण त्याला एकदाचं पाहायचं असतं की इथे हात कधी उठतो. जाणती फॉस्टर आई अशा वेळी उशीखालच्या खाण्यावरून ओरडत नाही. ती खाण्याचा एक डबा त्याच्या नावाने बाजूला ठेवते आणि रिकामा झाला की मुकाट्याने भरते. शेकडो दिवस हेच चालतं. तुटलेलं आयुष्य सावरणं म्हणजे प्रत्यक्षात इतकं कंटाळवाणं असतं.

याचा परिणाम मोजला गेला आहे का? हो, आणि फार काटेकोरपणे. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीनंतर हजारो मुलं मोठमोठ्या संस्थांमध्ये होती. बुखारेस्टमध्ये 2000 च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी अशा 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं फॉस्टर कुटुंबांत गेली, उरलेल्यांसाठी नेहमीची व्यवस्था चालू राहिली. शहरात तेव्हा अशी कुटुंबं जवळपास नव्हतीच, त्यामुळे संशोधकांना ती शोधून तयार करावी लागली. फॉस्टर घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी नातं जोडण्याची क्षमता अधिक सुधारली. सुमारे दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांमध्ये हा फरक सर्वांत ठळक होता. पुढे 2004 मध्ये रुमानियाने गंभीर अपंगत्वाचे अपवाद वगळता दोन वर्षांखालच्या बाळांना संस्थेत ठेवण्यावर कायद्याने बंदी आणली. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीन वर्षांखालच्या मुलांची पर्यायी काळजी कुटुंबातच व्हावी असं म्हटलं आहे. गरिबी एवढ्याच कारणावरून मूल पालकांपासून तोडू नये, हेही त्याच तत्त्वांत आहे.

पण हा अभ्यास शेल्टरच्या डोक्यावर मारू नका. तिथे तुलना झाली ती वर्षानुवर्षं मुलं ठेवणाऱ्या संस्थेशी, तीन आठवड्यांच्या निवाऱ्याशी नाही. शिवाय ती बाळं होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं गणित निराळं असतं. त्याला स्वतःचे आईबाप आहेत, त्यांच्यावर राग आहे आणि त्यांच्याशी निष्ठाही आहे. दुसऱ्या बाईच्या हातचं जेवणं म्हणजे आईशी गद्दारी, असं त्याला मनापासून वाटू शकतं. अशा मुलाला कुटुंबात ढकलण्यापेक्षा काही काळ शेल्टरचा अलिप्तपणा मानवतो. तिथे कोणी ‘आई म्हण’ असं सुचवत नाही.

कधी कधी तर दिसण्यावरून ओळखच पटत नाही. ब्रिटनमध्ये नाइटस्टॉप नावाची व्यवस्था आहे. बेघर होऊ घातलेल्या तरुणांना स्वयंसेवक आपल्या घरी रात्रीपुरतं ठेवून घेतात. घर कुटुंबाचं, जेवण घरचं, तरी काम शेल्टरचं, कारण हिशेब एकेका रात्रीचा असतो. याच्या उलट हरमान ग्माइनर यांनी 1949 मध्ये ऑस्ट्रियातल्या इम्स्ट इथे सुरू केलेली एसओएस बालग्रामं. तिथे घर आहे, भावंडांसारखी मुलं आहेत, वर्षानुवर्षं टिकणारी ‘आई’ही आहे, पण ती संस्थेची पगारी कर्मचारी असते. त्यामुळे भिंती कुणाच्या हे पाहून काही कळत नाही. मूल तिथे किती काळासाठी आलं आहे आणि त्या काळात त्याला बांधील असलेलं माणूस कोण, हे विचारलं की उलगडा होतो.

म्हणून दोघांचं मोजमापही उलट्या दिशेने करावं लागतं. शेल्टरमधून मूल किती लवकर आणि किती बऱ्या जागी बाहेर पडलं ते पाहायचं. फॉस्टरमध्ये ते एकाच घरात किती टिकलं ते पाहायचं. महिनोन्महिने शेल्टरमध्ये अडकलेलं मूल आणि वर्षात चार फॉस्टर घरं बदललेलं मूल, दोघांच्याही बाबतीत व्यवस्था फसलेली असते. घर बदलताना मुलांचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरून पाठवण्याची वाईट सवय काही देशांत इतकी रुळली की मुलांना निदान एक बॅग द्या, यासाठी स्वतंत्र मोहिमा चालवाव्या लागल्या.

अठरावा वाढदिवस हा दोन्हीकडचा अवघड टप्पा. अमेरिकेतल्या इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांत फॉस्टर व्यवस्थेतल्या 732 मुलामुलींचा सतराव्या-अठराव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत मागोवा घेतला गेला. इलिनॉयमध्ये एकविसापर्यंत राहण्याची मुभा होती, बाकी दोन राज्यांत साधारण अठराला दार बंद होत होतं. जास्त काळ राहू शकलेली मुलं कॉलेजपर्यंत पोचण्याची शक्यता अधिक दिसली. अमेरिकेने 2008 च्या कायद्याने एकविसापर्यंतच्या खर्चात केंद्राचा वाटा देऊ केला. इंग्लंडने 2014 मध्ये, मूल आणि कुटुंब दोघांची इच्छा असेल तर एकविसापर्यंत त्याच घरात राहण्याची सोय केली. ती मिळाली फक्त फॉस्टर घरातल्यांना. संस्थेत वाढलेल्यांसाठी ‘स्टेइंग क्लोज’ नावाचे प्रयोग काही वर्षांनी सुरू झाले: जुन्या संस्थेच्या जवळपास खोली, आणि अडलं तर फोन करायला तिथलाच एखादा ओळखीचा कर्मचारी.