बचत गटाचं कर्ज फुकटचं नसतं

“गटाचं कर्ज म्हणजे सरकारचा पैसा, आज ना उद्या माफ होणार.” निवडणूक जवळ आली की ही आवई गावोगाव उठते. दोन हप्ते थांबवून वाट बघणाऱ्या बायकाही भेटतात.

हा पैसा सरकारचा नाही. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने 1992 मध्ये बचत गट बँकांशी जोडले, तेव्हापासून कर्ज बँक देते, तेही ठेवीदारांच्या पैशातून. त्याआधी गटाने महिन्याची बचत, बैठका, अंतर्गत कर्जाची देवाणघेवाण आणि नोंदवही सांभाळून दाखवायची असते. 20 लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, असा नियम आहे. लोकांचा घोळ बहुधा इथेच होतो: तारण नाही म्हणजे परतफेड नाही, असं कुणीतरी ठरवून टाकलं!

सरकार देतं ती व्याजातली सवलत. खातं थकलं की तीही जाते आणि गटाला पुढचं कर्ज अडतं. एकीने शेळ्या घेऊन हप्ता बुडवला, तर शेजारणीची शिलाई मशीन अडकते.

आणखी एक गोष्ट. दारात येऊन आठवड्याचा हप्ता नेणारी खासगी मायक्रोफायनान्स कंपनी म्हणजे बचत गट नव्हे. तिथे व्याज सहसा बरंच जास्त. मात्र 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. सही करण्याआधी व्याजदराचा कागद मराठीत मागून घ्या.