लायडारची वेळ जुळवायला जीपीएसचा संदेश एकटा पुरत नाही

जीपीएस रिसीव्हरची सिरियल तार लायडारला (लेसरने अंतरे मोजणाऱ्या सेन्सरला) जोडली आणि वेळ-तारखेचे एनएमईए या ठरलेल्या मजकूर-स्वरूपातले संदेश येऊ लागले, की सेन्सरचे घड्याळ अचूक जुळले, हा समज बराच काळ टिकून आहे. तो चुकीचा आहे. हा संदेश कोणता सेकंद चालू आहे एवढेच सांगतो. तो सेकंद नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला, हे त्यातून कळत नाही. ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) वेगाने सुमारे ७० अक्षरांचा संदेश पोहोचायलाच जवळपास ७३ मिलिसेकंद लागतात, शिवाय रिसीव्हर तो केव्हा पाठवायला घेईल हेही दर वेळी थोडे बदलते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या अवधीत सुमारे दीड मीटर पुढे गेलेले असते, आणि नकाशा तयार करणाऱ्यासाठी ही चूक मुळीच किरकोळ नाही.

सेकंदाची खरी सुरुवात दाखवतो तो पीपीएस, म्हणजे दर सेकंदाला वेगळ्या तारेवरून येणारा विद्युत स्पंद. लायडार आपली मोजणी त्या स्पंदाच्या कडेशी, म्हणजे तो बदलतो त्या क्षणाशी, जुळवतो आणि संदेशावरून त्या सेकंदाला नाव देतो, दोन्ही लागतात.

इथरनेटवरून पीटीपी (नेटवर्कवरूनच घड्याळे जुळवण्याची पद्धत) वापरल्यास वेगळी तार लागत नाही, मात्र तेथे सहसा आंतरराष्ट्रीय अणुवेळ चालते, जी २०१७ पासून यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या ३७ सेकंद पुढे आहे. हा फरक पीटीपीच्या संदेशातच कळवलेला असतो, पण घेणाऱ्या उपकरणाने तो वजा केला नाही, तर लायडार आणि यूटीसीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या नोंदींत तेवढेच अंतर पडते.