दमट हवेची थाप आणि अँडरसनचं मनगट

इंग्लंडमध्ये कसोटी सुरू असते, आभाळ भरून येतं आणि समालोचक ठरलेलं वाक्य टाकतो: हवा दमट आहे, जड आहे, आता चेंडू स्विंग होणार, म्हणजे हवेतच बाजूला वळणार. यातलं 'जड' सपशेल चूक. पाण्याचा रेणुभार १८, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२. बाष्प हवेत शिरतं ते या जड रेणूंची जागा घेऊन. त्यामुळे तापमान आणि दाब तेच असतील तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी भरते. ३० अंश सेल्सिअसला हवा बाष्पाने ठासून भरली तरी फरक जेमतेम दीड टक्का. प्रयोगशाळेत आर्द्रता कमी-जास्त करूनही पाहिलंय, स्विंग वाढला नाही. ढगांमुळे जमीन कमी तापते आणि मैदानावरची हवा कमी ढवळली जाते, हा तर्क निदान भौतिकशास्त्राला धरून आहे. समुद्राच्या भरतीची वेळ बघून स्विंगचं भाकीत करणाऱ्यांनी मात्र सरळ मुहूर्तच काढावा.

इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसन मे २००३ मध्ये लॉर्ड्सवर झिंबाब्वेविरुद्ध पहिली कसोटी खेळला आणि जुलै २०२४ मध्ये लॉर्ड्सवरच थांबला. १८८ कसोटी, ७०४ बळी. वेगवान गोलंदाजांत याहून जास्त कोणाचेच नाहीत. कसोटीत चाळीस हजारांवर चेंडू टाकलेल्या या माणसाचं खरं भांडवल होतं मनगट.

उडत्या चेंडूला हवेचा अगदी पातळ थर चिकटलेला असतो. हा थर चेंडूच्या मागे पोचण्याआधीच सुटतो, आणि तो कुठे सुटतो यावर सगळं ठरतं. शिवण सरळ न ठेवता साधारण २० अंश तिरकी ठेवली, समजा स्लिपकडे (यष्टिरक्षकाशेजारच्या क्षेत्ररक्षकाकडे), तर त्या बाजूची हवा टाक्यांना अडखळते आणि थरात खळबळ माजते. खळबळलेला थर बाहेरच्या वेगवान हवेतली ऊर्जा आत ओढत राहतो, म्हणून जास्त वेळ चिकटून राहतो: चेंडूच्या समोरच्या टोकापासून मोजलं तर १२० अंशांच्या आसपासपर्यंत. दुसऱ्या, लकाकी असलेल्या बाजूचा शांत थर ८०-९० अंशांवरच सोडून देतो. मागची हवा त्यामुळे एका अंगाला ढकलली जाते आणि प्रतिक्रिया म्हणून चेंडू स्लिपकडे सरकतो. न्यूटनचा तिसरा नियम, बाकी काही नाही.

हा बाजूचा रेटा चेंडूच्या वजनाच्या ३० टक्के धरू. ताशी १३० किलोमीटरचा चेंडू १८ मीटर अंतर अर्ध्या सेकंदात कापतो. ½at² मध्ये (a म्हणजे त्वरण, t म्हणजे वेळ) आकडे घाला: एकूण सरक ३७ सेंटिमीटर. पण सरक वेळेच्या वर्गाने वाढते. पहिल्या पाव सेकंदात ९ सेंटिमीटर, उरलेल्यात २८. 'उशिरा झालेला स्विंग' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याचा बराचसा भाग हा असा शाळेतल्या सूत्रात सापडतो.

अट एकच, शिवण वाटेत डगमगता कामा नये. पहिली दोन बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना, अंगठा खाली शिवणीवर, आणि सोडताना मनगट चेंडूच्या थेट मागे. बोटांवरून निसटताना चेंडूला सेकंदाला दहा-अकरा उलट फेऱ्या मिळतात आणि भोवऱ्यासारखा त्याचा आस स्थिर राहतो. मनगट बाहेर कललं की शिवण लटपटते, टाके कधी या अंगाला कधी त्या अंगाला येतात आणि चेंडू निमूट सरळ जातो.

कारकिर्दीच्या सुरुवातीला अँडरसनची शैली बदलण्यात आली. हेतू दुखापत टाळण्याचा. २००६ मध्ये त्याच्या कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. पुढचा पाय आपटताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. त्याच क्षणी धड एका बाजूला झुकून पिळलं जातं आणि मणक्याच्या मागच्या अरुंद हाडाला बारीक तडा जातो. हाड भरून आल्यावर तो आपल्या मूळच्या शैलीकडे परतला.

ऑस्ट्रेलियात अडचण वेगळी होती. इंग्लंडमधल्या ड्यूक्स चेंडूची शिवण पूर्ण हाताने घातलेली, उंच. ऑस्ट्रेलियातल्या कूकाबुरा चेंडूच्या टाक्यांच्या सहा रांगांपैकी फक्त आतल्या दोन हाताच्या, आणि त्याची शिवण लवकर बसते. यावर उतारा त्याला २०१० मध्ये पाकिस्तानच्या मोहम्मद आसिफची गोलंदाजी बघून सापडला: वॉबल सीम. दोन बोटं थोडी फाकवायची आणि शिवण मुद्दाम डुलू द्यायची. हवेत स्विंग जवळपास शून्य, पण टप्पा पडताना कधी टाके जमिनीला लागतात, कधी नुसतं कातडं. कुठल्या चेंडूला काय होईल हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, मग फलंदाज काय वाचणार! २०१०-११च्या ॲशेसमध्ये, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेत, त्याने २४ बळी घेतले.

रिव्हर्स स्विंगमध्ये गणित उलटतं. चेंडूचा पुढचा भाग इतका खरबरीत झालेला असतो, किंवा वेगच इतका, की शिवणीपर्यंत पोचण्याआधीच दोन्ही थर खळबळलेले असतात. आता शिवण आपल्या बाजूचा थर जाड आणि दुबळा करते, तो आधी सुटतो आणि चेंडू शिवणीच्या विरुद्ध दिशेला जातो. धावत येताना लकाकी कोणत्या बाजूला आहे हे फलंदाजाला दिसलं तर निम्मं गुपित फुटलं. म्हणून दुसऱ्या हाताने चेंडू झाकत रनअप घ्यायचा. ही युक्ती आपण झहीर खानला बघून उचलली, असं अँडरसनने स्वतः सांगितलंय. म्हणजे तिचा एक धागा झहीरच्या गावापर्यंत, आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरपर्यंत येतो.