डिमेन्शियातल्या माणसाला दुरुस्त करू नका, हे कधीपासून सांगायला लागले?

डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज कमी होत जाणारा मेंदूचा आजार, झालेल्या माणसाशी वाद घालू नका, त्याचं चुकलेलं सारखं सुधरवू नका, असं आता सगळेच सांगतात. पण आधी डॉक्टर लोकच याच्या उलट सांगायचे, आणि हे घरच्यांना माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

१९०१ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या दवाखान्यात डॉक्टर अलॉइस अल्झायमर ऑगुस्टं नावाच्या बाईजवळ बसून तिचं बोलणं लिहून घेत होते, १९०६ मध्ये ती गेली, १९१० मध्ये तिच्या आजाराला, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकाराला, त्यांचं नाव मिळालं. पुढं कितीतरी वर्षं सगळं लक्ष मेंदूकडेच, बोलायचं कसं हा प्रश्न मागंच राहिला. मग १९५८ च्या सुमारास अमेरिकेत डॉक्टर जेम्स फोल्सम यांनी एक पद्धत आणली. भिंतीवर वार, तारीख, गावाचं नाव लिहायचं आणि पेशंट चुकला की खरं काय ते परत परत सांगायचं. हेतू चांगलाच होता, काहींना फायदाही झाला.

पण नेओमी फाइल नावाच्या सोशल वर्कर १९६३ पासून क्लीव्हलँडच्या वृद्धाश्रमात काम करत होत्या, त्यांना दिसलं की आजार वाढलेली म्हातारी माणसं अशानं आणखी मिटून जातात. म्हणून त्यांनी आधी मनातलं ओळखायला सांगितलं. आपल्याकडे बघा ना, नव्वदीची आजी माहेरी जायचं म्हणून पिशवी भरून राहिली, आणि आपण म्हटलं की तुझी माय केव्हाच वारली, तर तिला ते दुःख दर वेळी नव्यानं होते, त्यापेक्षा "तुझी माय कशी होती गं?" असं विचारलं तर ती बसते, बोलते. या पद्धतीचा ठोस पुरावा अभ्यासात अजून कमीच आहे, तरी दिशा मला पटते. १९९७ मध्ये इंग्लंडचे डिमेन्शियाचे अभ्यासक टॉम किटवुड यांनी तर सरळ लिहिलं की फसवणं, दामटणं, माणसासमोरच तो नसल्यासारखं बोलणं यानंही माणूस खचतो.

भारतात १९९२ मध्ये केरळातून अल्झायमर्स सोसायटीचं काम सुरू झालं. २०२३ च्या अभ्यासात साठीच्या वरचे डिमेन्शिया झालेले अंदाजे ८८ लाख लोक निघाले, आणि प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त. आपल्याकडे विदर्भात मात्र "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देतात, मेंदूचा डॉक्टर बघायचा तर बहुतेकांना नागपूर नाहीतर अमरावती गाठावं लागते, आणि सगळं सांभाळणारी सून सकाळी वावरात जाऊन आलेली असते, तिला हे कोणी शिकवलेलंच नसते.