न वाचता येणारा वारसा: मराठवाड्यातल्या हातशिवणीच्या पुस्तकांमागची गोष्ट

आजोबांच्या ट्रंकेतल्या वह्या, दस्त, पोस्टाची पाकिटं, पैठणीचा विरलेला काठ असं सगळं जमवायचं, त्यातून हातानं एकच पुस्तक शिवायचं आणि दुसरी प्रत काढायचीच नाही, हा उद्योग आता आपल्याकडच्याही काही घरांत शिरला आहे. कला महाविद्यालयात शिकलेली मंडळी त्याला 'आर्टिस्ट बुक' म्हणतात. मराठवाड्यात या कामाला एक खास अडचण आहे आणि ती इतिहासातून आली आहे. वारशानं आलेला कागद बहुतेक वेळा वारसदाराला वाचताच येत नाही.

पश्चिमेकडचा भाग थोडक्यात उरकतो. पिकासो आणि ब्राक 1912 मध्ये वर्तमानपत्राचे आणि भिंतीच्या कागदाचे तुकडे चित्रांत चिकटवत होते. 1963 मध्ये अमेरिकेत एड रुशे यांनी पेट्रोल पंपांच्या साध्या फोटोंचं एक पातळ पुस्तक काढलं आणि पुस्तक हीच कलाकृती, ही कल्पना रुळायला लागली. आपल्या विषयाच्या जास्त जवळचे म्हणजे लंडनचे टॉम फिलिप्स. त्यांनी 1966 मध्ये एक जुनी व्हिक्टोरियन कादंबरी तीन पेन्सला विकत घेतली आणि तिच्या पानांवर रंगवत, मधले मोजके शब्द उघडे ठेवत पुढची पन्नास वर्षं तेच एक पुस्तक पुन्हापुन्हा घडवलं. त्यांच्या हातातली कादंबरी त्यांना वाचता येत होती, एवढं लक्षात ठेवायचं.

आता आपल्याकडे. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावर कागजीपुरा हे गाव लागतं. मुहम्मद बिन तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्या लवाजम्यात कागद करणारे कारागीरही आले, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. दख्खनमध्ये दौलताबादी कागदाचं नाव होतं. चिंध्या, जुने दोर, पोती असला टाकाऊ माल भिजवायचा, मुरवायचा, कुटायचा आणि त्याचा लगदा हौदात कालवायचा. गवताच्या काड्यांची बारीक चटई ताणलेला साचा त्यात बुडवून उचलला की पाणी गळून जातं आणि चटईवर ओला थर राहतो. तो वाळला की खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटणं म्हणजे हौस नव्हती. न घोटलेल्या कागदावर बोरू अडकतो आणि शाई फुटते. असा जुना ताव उजेडासमोर धरला तर काड्यांच्या बारीक आडव्या रेघा आजही दिसतात.

कापडाच्या धाग्यांचा हा कागद दोनशे वर्षांनीही घडी सोसतो. उलट लाकडाच्या लगद्याची, गिरणीत केलेली शाळेची स्वस्त वही पन्नास वर्षांत पिवळी पडते, कोपऱ्याला हात लावला तर तुकडा हातात येतो. कागदाचं वय विचारण्यापेक्षा त्याची जात बघावी, असं मी म्हणेन. पुस्तकात काय दुमडायचं आणि काय नुसतं चिकटवायचं, हे तिच्यावरच ठरतं.

वाचता न येण्याचं कारण निजामी राजवटीत आहे. हैदराबाद संस्थानात 1880च्या दशकात फारसी मागे पडून उर्दू कारभाराची भाषा झाली. गावपातळीवर कुलकर्णी-पटवाऱ्यांचं लिखाण मोडीत चाले. शिकायला जायचं तर 1918 मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ, तिथलंही माध्यम उर्दू. त्यामुळे एकाच घरात जमिनीचा दस्त उर्दूत, सावकाराचा हिशेब मोडीत आणि पोथी बाळबोध अक्षरात, हे नेहमीचं होतं. तारखाही वेगळ्या, फसली सनाच्या, म्हणजे महसुली कालगणनेच्या. फसली 1350 मध्ये साधारण 590 मिळवले की इसवी 1940 येतं. रकमा हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या रुपयात, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, असा हिशेब. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, त्यानंतर हे सगळं भराभर मागे पडलं. शाळा मराठी झाल्या, मोडी आधीच सुटत चालली होती, हाली नाणं 1959 मध्ये व्यवहारातून गेलं. दोन पिढ्यांत घरचे कागद नातवंडांसाठी नुसती नक्षी झाले.

म्हणूनच ते पुस्तकात इतके देखणे दिसतात, आणि इथंच गोम आहे. 2023 मध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी ट्रंका उघडल्या गेल्या. काल रद्दीत जाणारा कागद आज कुणबी असल्याचा पुरावा ठरू लागला. त्याआधी ज्यांनी असले ताव कापून कोलाज केले असतील, त्यांच्या पोटात गोळा आला असेल.

बांधणीच्या कामात मात्र जुनं कापणं नवं नाही. जाड पुठ्ठा म्हणजे रद्दी कागदाचे थर एकावर एक चिकटवलेले, ही जुनी रीत. कित्येक जुन्या बांधणीच्या पोटात दुसऱ्याच कुठल्या तरी वहीची पानं निघतात. आपल्याकडचे बाइंडर फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, जुजबंदीनं, म्हणजे घडीतून दोरा घालून, शिवत, खळीत मोरचूद घालत, म्हणजे कसर आणि वाळवी लांब राहते. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी वह्या तर लांबट, मधोमध दोऱ्यानं टाचलेल्या. दिवाळीत पूजेला बसणाऱ्या या वह्या आज हातपुस्तक करणाऱ्यांना सर्वांत आवडतात, कारण दाभणानं पाडलेली भोकं आयतीच मिळतात.

कापडाचीही तीच कथा. पैठणचा रेशमी काठ आणि औरंगाबादची हिमरू ही वेष्टणाला हमखास वापरली जातात. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी बाणा असतो, त्यामुळे पुठ्ठ्यावर ओढताना ती रेशमापेक्षा नीट बसते. खऱ्या जरीची लुगडी मात्र फार घरांत राहिलीच नाहीत. अडीनडीला त्यातली चांदी विकली गेली. वाकळ शिवणाऱ्या बायकांचा धावदोरा या पुस्तकांत अधूनमधून दिसतो आणि तो कुठल्याही परदेशी शिवणीपेक्षा मला जास्त पटतो.

लातूर-धाराशिवच्या सीमेवर ही चर्चा वेगळी होते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींची माळवदाची घरं कोसळली, आणि माणसांबरोबर कोनाड्यातले, पेटीतले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. अशा घरातून एखादी पावती हाती आली तर ती कापायची की नाही, हे विचारावंही लागत नाही.

सध्या जाणती मंडळी मूळ कागदाला हात न लावता त्याचा स्कॅन कागजीपुऱ्याच्या हातकागदावर छापून घेतात आणि पुस्तकात तो वापरतात. काहींना हे बेगडी वाटतं. मला वाटत नाही, निदान दस्तऐवजांच्या बाबतीत तरी. शिवाय काजळाच्या शाईत डिंक असतो. मूळ पानाला ओली खळ लागली की अक्षरं पसरतात, आणि एकदा पसरली की परत येत नाहीत. पाकिटं, लग्नपत्रिका, कापडाचे तुकडे खुशाल कापावेत. सही, शिक्का किंवा फसली सन दिसला तर मात्र आधी कागद वाचून घ्यावा. मोडी शिकवणारे वर्ग आता बऱ्याच ठिकाणी चालतात. उर्दूचं जरा अवघड आहे, कारण छापील उर्दू सहज वाचणाराही शिकस्ता, म्हणजे भरभर लिहिलेल्या तुटक वळणाच्या हस्ताक्षरापुढे अडखळतो. एका दस्ताला दोन वाचक लागले तरी लावावेत, कात्री नंतर.